निकोडेमसची चूल



अमेरिकेच्या नकाशावर बरोबर मध्यावर बोट ठेवले तर ते कॅन्सस राज्यावर पडते. तेथे ना समुद्र, ना डोंगर. नजर जाईल तिथवर गवताचा माळ. तिकडचे लोक या माळाला प्रेअरी म्हणतात. त्या माळाच्या वायव्येला, सॉलोमन नदीच्या काठाजवळ, निकोडेमस नावाचे एक गाव आहे. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढीही तेथे वस्ती नाही. पाच जुन्या इमारती, थोडीशी घरे आणि सभोवार शेते. एरवी रस्त्यावर माणूस दिसायची मारामार. पण दरवर्षी जुलै महिन्याच्या अखेरीस या गावात गाड्यांची रांग लागते. डेन्व्हरहून, कॅन्सस सिटीहून, दूर कॅलिफोर्नियाहून माणसे लेकराबाळांसह येतात. त्यांतल्या पुष्कळांचा जन्म या गावात झालेला नसतो. पण आजीचे गाव हे, पणजोबांनी खणलेली जमीन ही, म्हणून ती येतात. मिरवणूक निघते, प्रार्थना होते, जुन्या गोष्टी निघतात आणि मुख्य म्हणजे पंगती उठतात.

हे गाव गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी वसवले. आज आम्ही वाचकांना त्या गावाची आणि तेथल्या चुलीची हकीकत सांगणार आहोत.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पण पुस्तक निघाले त्या सुमारास तिकडचे मुक्त झालेले गुलाम कोणत्या अवस्थेत होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. लिंकनने १८६३ साली काढलेला मुक्तीचा जाहीरनामा फक्त बंड केलेल्या राज्यांना लागू होता. केंटकी राज्य बंडात नव्हते, म्हणून तेथले गुलाम गुलामच राहिले. १८६५ च्या डिसेंबरात घटनेची तेरावी दुरुस्ती झाली तेव्हा ते सुटले. सुटले म्हणजे काय, तर बेडी गेली, पण जमीन जुन्या मालकाचीच, घर मालकाचे, मजुरीचा दर ठरवणाराही तोच. रात्री-बेरात्री झुंडी येऊन मारहाण करीत, घरे जाळीत. कायद्याने मोकळा आणि पोटाने बांधलेला, अशी ती दशा. आपल्या गावकुसाबाहेरच्या पिढ्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको.

अशा वेळी १८७७ साली केंटकीतल्या काळ्यांच्या देवळांतून एक पत्रक फिरू लागले. कॅन्ससमध्ये काळ्या लोकांचे स्वतःचे गाव वसते आहे, यावे. पत्रक काढणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते डब्ल्यू. एच. स्मिथ नावाचे काळे गृहस्थ आणि खजिनदार होता डब्ल्यू. आर. हिल नावाचा गोरा जमीन-दलाल. सरकारचा १८६२ सालचा कायदा असा होता की, माळावरची १६० एकर जमीन थोड्याशा फीवर मिळे. पाच वर्षे तिच्यावर राहायचे, ती कसायची, म्हणजे ती आपली. ज्याच्या बापजाद्यांना स्वतःच्या देहावर हक्क नव्हता त्याला १६० एकर! पत्रकात माळाचे वर्णन अर्थातच मोठे गोड केले होते. गावाचे नाव निकोडेमस. त्या नावाच्या एका गुलामाची दंतकथा प्रचलित होती, त्याच्यावर हेन्री क्ले वर्क यांनी १८६४ साली गाणे केले होते, ते लोकांच्या तोंडी होते. नाव वाचताच माणसे ओळखीचे हसली असतील.

येथे एक गोष्ट नोंदवून पुढे जाऊ. ही जमीन ‘मोकळी’ होती कारण ती ज्यांची होती त्या मूळ रहिवाशांना नुकतेच तेथून हुसकावले होते. याचा उल्लेख पुढे पुन्हा येणारच आहे.

१८७७ च्या जून-जुलैत पहिली थोडी माणसे आली. सायमन राउंडट्री हे धर्मोपदेशक आले. झॅक फ्लेचर आणि त्यांची पत्नी जेनी आली. ही जेनी म्हणजे अध्यक्ष स्मिथ यांची मुलगी. सप्टेंबरात केंटकीच्या स्कॉट काउंटीतून तीनशेवर माणसांचा तांडा आला. रेल्वे एलिस नावाच्या गावापर्यंत होती. तेथून पुढे सुमारे ३५ मैल पायी. डोक्यावर बोचकी, कडेवर मुले. आणि पोहोचल्यावर पाहतात तो गाव कुठेच नाही! घर नाही, विहीर नाही, सरपणाला झाड नाही. संतापलेल्या लोकांनी हिलला धरायचे ठरवले आणि त्याला काही काळ लपून बसावे लागले, असे तिकडे सांगतात. काही कुटुंबे लगोलग परत फिरली. ज्यांच्याकडे परतीचे भाडेही नव्हते ती राहिली. आमचे मत विचाराल तर, धैर्याच्या पुष्कळ कथांमध्ये परतीचे भाडे नसणे हेही एक कारण असते आणि त्यामुळे धैर्य कमी होत नाही.

पुढच्या वसंतात, १८७८ साली, आणखी एक तांडा आला. त्यात विलियाना हिकमन नावाची बाई होती. नवरा डॅनियल धर्मोपदेशक. एलिसला उतरल्यावर मुलांमध्ये गोवराची साथ आली. कित्येक आयांनी आपली लेकरे तेथेच मातीआड केली आणि मग पुढची वाट धरली. दोन दिवसांच्या प्रवासानंतर बरोबरचे पुरुष ओरडले, आले निकोडेमस! विलियाना आजारी होती. तिने चहूकडे पाहिले. तिला काही दिसेना. नवऱ्याला विचारले, कुठे आहे? त्याने बोट दाखवले. जमिनीतून जागोजाग धूर निघत होता. माणसे जमिनीत राहत होती. ते पाहून आपल्याला रडू कोसळले, असे त्या बाईने म्हातारपणी सांगून ठेवले आहे.

हा धूर समजून घेतला पाहिजे, कारण त्या गावाचा इतिहास त्या धुरापासून सुरू होतो.

घर बांधायला लाकूड नव्हते. तेव्हा टेकाडाच्या उतारात कुदळीने खोली खणायची. पुढची बाजू दगडमातीने आणि गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या ढेकळांनी भरायची. वर थोड्या फांद्या, त्यावर गवत, त्यावर माती. एका कोपऱ्यात चूल आणि तिचे धुराडे जमिनीवर निघालेले. पावसात छत गळायचे, उन्हाळ्यात छतातून माती ताटात पडायची, कधी साप पडायचा. अशाच एका खड्ड्याच्या घरात १८७७ च्या शरदात एम्मा विल्यम्स नावाची बाई बाळंत झाली. मुलाचे नाव हेन्री. निकोडेमसमध्ये जन्मलेले ते पहिले मूल.

आणि चुलीत जाळायचे काय? सरपण नाही म्हणताना बायका-मुले माळावर गोण्या घेऊन फिरत आणि रानरेड्यांचे वाळलेले शेण वेचून आणीत. सूर्यफुलाची वाळलेली ताटे आणीत. आमच्या भगिनींपैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांनी रानशेण्या वेचल्या असतील. ओली शेणी धूर करते, पावसाने भिजून वाळलेली भसकन जळते, ती पुरत नाही. चांगली वाळलेली, हातात घेतली की हलकी लागणारी शेणी निवडायला डोळा लागतो. ही विद्या कोणत्या शाळेत शिकवीत नाहीत. माळावरचे वसाहतवाले रानरेड्यांची हाडेही गोळा करून विकत. गोऱ्या शिकाऱ्यांनी कातड्यासाठी लाखो रानरेडे मारून सांगाडे तसेच टाकले होते. हाडे वेचण्याचे काम आपल्याकडे कोणाच्या वाट्याला आले होते ते वाचकांना सांगायला नको.

त्या पहिल्या वर्षी पेरणीची वेळ निघून गेली होती. सगळ्या वसाहतीत घोडे मोजून दोन-चार. नांगर तसेच. शतकानुशतके न मोडलेले ते गवत. त्याच्या मुळ्यांचे जाळे इतके घट्ट की फाळ टिकत नाही. माणसांनी कुदळ-फावड्याने जमीन फोडली. एखाद्याने दूधदुभत्याची गायच औताला जुंपली. पुरुष कामाच्या शोधात चालत एलिसपर्यंत रेल्वेवर, दूरदूरच्या शेतांवर जात आणि मिळेल ते पीठ पाठीवर घेऊन येत.

तो हिवाळा उपासमारीचाच होता. गावातल्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या सांगितलेली हकीकत अशी की, शिकारीहून परतणारे ओसेज जमातीचे लोक त्या वाटेने गेले आणि त्यांनी आपल्याजवळचे मांस या उपाशी लोकांना वाटून दिले. ओसेजांना स्वतःला थोड्याच वर्षांपूर्वी कॅन्ससमधून काढून दक्षिणेकडे पाठवलेले होते. ज्यांची जमीन गेली त्यांनी, ज्यांना जमीन कधी नव्हतीच त्यांना, जेवू घातले. आम्ही ही हकीकत वाचली तेव्हा हातातले पान काही वेळ तसेच ठेवले.

पूर्व कॅन्ससच्या शहरांतून धान्य, कपडे अशी मदतही आली. पण पुढे १८७९ मध्ये गावाने आपण होऊन ठरवले की, आता बाहेरची मदत नको. कंपनीही त्यांनी मोडीत काढली. कोणी म्हणेल हा ताठा. आम्ही म्हणतो, भिक्षेच्या अन्नाची चव ज्याला माहीत आहे त्यालाच हा ठराव कळेल.

मग त्या माळावर काय शिजत होते? केंटकीहून या बायकांनी हातात काय आणले होते? मालकाच्या घरी डुकराचा चांगला भाग मालक खाई. आतडी, पाय, शेपटी, डोके गुलामांच्या वाट्याला. त्यातून त्यांनी असे पदार्थ केले की आज मोठ्या हॉटेलांत लोक पैसे मोजून ते मागतात. जाड मक्याचे पीठ आणि गुळासारखी काकवी हे गुलामांचे शिध्याचे अन्न. माळावर त्यात रानातले भर घालीत. पहिल्या वसंतात माळ हिरवा झाला की रानभाजी येई. आपण जिला चाकवत म्हणतो ती तिकडेही उगवते. आपली घोळही उगवते. गोरे शेतकरी हिला तण म्हणून उपटीत. या बायका ती ओटीत भरून आणीत आणि खारवलेल्या चरबीचा तुकडा टाकून शिजवीत. माळावरचे ससे, रानकोंबड्या, उन्हाळ्यात ओढ्याकाठची रानटी आलुबुखारे. ही आलुबुखारे बोराएवढी आणि आंबट. साखर जमली तर त्यांचा मुरंबा, नाही तर नुसती उन्हात वाळवून ठेवायची.

वाचकांपैकी ज्यांनी शाहू पाटोळे यांचे २०१५ साली निघालेले ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचले आहे त्यांना येथे आपल्या घरची वजडी, चान्या, रक्ती आठवेल. देश वेगळा, कातडीचा रंग वेगळा, पण टाकून दिलेल्या तुकड्यातून लेकरांचे पोट भरणारी बाई एकच.

गाव हळूहळू जमिनीवर आले. ढेकळांची घरे, मग चुनखडीच्या दगडाची, मग लाकडाची. जेनी फ्लेचरने मुलांना जमवून शिकवायला सुरुवात केली. ग्रॅहम काउंटीतला पहिल्या क्रमांकाचा शाळा-विभाग १८७९ साली निकोडेमसमध्ये निघाला, गोऱ्यांच्या गावांत नव्हे. ज्यांना वाचायला शिकवणे दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुन्हा होता, त्यांनी पोटाआधी म्हणता येणार नाही, पण पोटाबरोबर शाळा काढली. एडवर्ड मॅकेब नावाचे तरुण गृहस्थ १८७८ साली येथे आले आणि १८८२ साली कॅन्सस राज्याचे हिशेबतपासनीस म्हणून निवडून आले. राज्यभराच्या मतांवर निवडून आलेला तो कॅन्ससचा पहिला काळा अधिकारी. १८८५ च्या सुमारास दगडी देऊळ झाले. १८८६-८७ मध्ये दोन-दोन वर्तमानपत्रे निघाली. दुकाने, फ्लेचरांचे सेंट फ्रान्सिस हॉटेल, बँक, सारे झाले. दहा वर्षांपूर्वी जेथे फक्त धूर होता तेथे!

आता फक्त रेल्वे हवी होती. माळावरच्या गावाचे जगणे-मरणे रेल्वेवर असे. रेल्वे आली तर गहू बाजारात जाणार, नाही तर बैलगाडीने किती नेणार? १८८७ साली गावाने रेल्वे कंपनीला १६,००० डॉलरचे रोखे द्यायचे मतदान करून ठरवले. पण ती कंपनी आलीच नाही. दुसऱ्या कंपनीने १८८८ साली रूळ टाकले ते नदीच्या पलीकडून, काही मैलांवरून. तेथे बोग नावाचे ठाणे उभे राहिले आणि निकोडेमसचे दुकानदार एकामागून एक बिऱ्हाड आवरून तिकडे गेले. वर्तमानपत्रे बंद पडली. आणि हिलसाहेबांचे काय झाले म्हणाल, तर काउंटीचे मुख्य गाव त्यांच्याच नावाने वसले. हिल सिटी! आजही नकाशावर आहे.

तरीही शेतकरी राहिले, हे विसरता कामा नये. दुकानदार जातो, जमीनवाला राहतो. चाळीस वर्षे गाव शेतीवर टिकून होते. नवी शाळा १९१८ साली बांधली, बेसबॉलचा संघ होता. मग १९३० च्या दशकात अवर्षण आणि धुळीची वादळे आली. गवत मोडून नांगरलेली ती सगळी माती आकाशात उडाली. दिवसा दिवे लावावे लागत आणि ताटावर ताट झाकून जेवावे लागे. तरुण माणसे शहरांकडे गेली. १९५० मध्ये गावात १६ माणसे उरली होती. १९५३ साली टपाल कचेरीही बंद झाली.

सोळा माणसांचे गाव नकाशावरून पुसले जायला किती वेळ लागतो? त्या माळावर अशी शेकडो गावे पुसली गेली आहेत. निकोडेमस पुसले गेले नाही याचे कारण त्यांचा वार्षिक मेळावा. १ ऑगस्ट हा वेस्ट इंडीज बेटांतल्या गुलामांच्या मुक्तीचा दिवस, सन १८३४. अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून निकोडेमसचे लोक त्या सुमारास झाडीत जमत, मांस भाजीत, भाषणे करीत, नाचत. गाव रिकामे झाले तरी हा दिवस चुकला नाही. शहरात गेलेला लेक आपल्या बायकामुलांना घेऊन यायचा. पुढे त्याला ‘घरवापसी’चे रूप आले. हा शब्द हल्ली आपल्याकडे भलत्याच अर्थाने वापरतात, म्हणून आम्ही त्याला माहेरपण म्हणतो. पुरुषांचेसुद्धा माहेरपण.

या माहेरपणाच्या जेवणात लोखंडी जाळीवर तासन्‌तास मंद धुरावर भाजलेल्या बरगड्या असतात, मक्याची पाव-भाकरी, शिजवलेल्या पालेभाज्या, रताळ्याची गोड कचोरीवजा पोळी, पीचची गरम बर्फी म्हणावी असा एक पदार्थ. अर्नेस्टाइन व्हॅनड्युव्हल ही याच गावची लेक. तिने कॅलिफोर्नियात मोठमोठ्यांच्या घरी स्वयंपाक केला आणि १९७० च्या दशकात गावी परत येऊन भाजलेल्या मांसाची खानावळ घातली. ओसाड माळावरच्या त्या खानावळीत दूरदूरचे गोरे शेतकरी गाडी काढून जेवायला येत. तिची भाची अँजेला बेट्स हिने १९८८ मध्ये गावाची इतिहास-संस्था काढली, म्हाताऱ्यांच्या आठवणी जमवल्या, सरकारदरबारी खेटे घातले. १९९६ साली निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाले. त्याआधी गावात शाळामास्तरीण असलेल्या ल्युला क्रेग यांनी पहिल्या पिढीकडून ऐकलेले सारे वह्यांत लिहून ठेवले होते. विलियानाचे ते रडू, जमिनीतला तो धूर, ओसेजांनी दिलेले मांस, हे आज आपण वाचतो ते अशा बायकांनी लाज न बाळगता सांगितले आणि दुसऱ्या बायकांनी कंटाळा न करता उतरवून घेतले म्हणून.

लाज हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. त्याचे कारण सांगतो.

कॅन्ससच्या माळावर आज गव्हाबरोबर जे पीक डोलते ते ज्वारीचे. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी या राज्यात होते. ज्वारी मूळची आफ्रिकेची. आफ्रिकेतून ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि गुलामांच्या जहाजांच्या काळात अमेरिकेत गेली. कॅन्ससचे शेतकरी दाण्याच्या ज्वारीला एका नावाने ओळखतात. ते नाव ऐकले की मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या साठी उलटलेल्या माणसाचे तोंड कडू होते. ते नाव म्हणजे मिलो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळे. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात.

आमच्या परिचयाच्या एका आजीबाई त्या दुष्काळात खडी फोडायला जात होत्या. मुलगा आज बँकेत अधिकारी आहे, घर फरशीचे आहे. आम्ही सहज विचारले, “आजी, मिलोची भाकरी कशी लागायची हो?”

“नाव नको काढूस तिचं. घशाखाली उतरायची नाही.”

इतक्यात मुलगा म्हणाला, “आई, सोड ना ते. पाहुण्यांपुढं काय तेच तेच.”

आजीबाई गप्प झाल्या. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या आणि मग उभ्या उभ्या हळू आवाजात सांगू लागल्या. मिलोच्या पिठाला चिकाटी नसायची. थापता थापता भाकरी तुटायची. मग आधण ठेवायचं, उकळत्या पाण्यात पीठ मळायचं, हात भाजले तरी गरम गरमच थापायचं. पोरांना लाल भाकरी दिसू नये म्हणून वर मिरचीचा ठेचा पसरून द्यायचा. “ठेचा लाल, भाकरी लाल. पोरं म्हणायची, आई, आज ठेचा जास्त दिलास.” एवढे बोलून त्या हसल्या. मुलगा आत दूरदर्शन संच लावून बसला होता. त्याच भाकरीवर तो वाढला होता.

आम्हाला त्या मुलाचा राग आला नाही. ज्या अन्नावरून माणसाला हिणवले गेले ते अन्न विसरावेसे वाटणे स्वाभाविक आहे. निकोडेमसच्याही कित्येक लेकरांनी शहरात गेल्यावर आतडी आणि डुकराचे पाय खात असल्याचे लपवले असेल. पण आजीबाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे. उकळत्या पाण्यात मळलेल्या मिलोची गोष्ट त्यांच्या सुनेला ठाऊक नाही, नातीला तर मिलो हे शब्दच ठाऊक नाही. आपल्या वस्तीत अशा किती आजीबाई आहेत? त्यांच्यापैकी कोणाकडे वही घेऊन बसलेली ल्युला क्रेग कोण आहे? १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या ड्यू बॉइस या थोर काळ्या विचारवंताला पत्र लिहिले आणि आपल्या दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले. ते पत्र आपण अभिमानाने सांगतो. मिलोची भाकरी हे त्याच साम्याचे दुसरे पत्र आहे, ते फक्त चुलीवर लिहिले गेले.

असो. निकोडेमसच्या चुलीवरची मक्याची भाकर भगिनींना करून पाहता येईल अशी आहे. आम्ही घरी करून पाहिली, मुलांना आवडली. दोन वाट्या जाडसर मक्याचे पीठ घ्यावे. आपल्या चक्कीवर रवाळ दळून मिळते, बाजारात मिळते ते पांढरे बारीक कॉर्नफ्लोअर नव्हे. त्यात अर्धा चमचा खायचा सोडा, पाऊण चमचा मीठ घालावे. दीड वाटी आंबट ताक, एक अंडे फेटून आणि दोन चमचे तेल घालून सरसरीत कालवावे. इडलीच्या पिठाएवढे. जाड बुडाची लोखंडी कढई चांगली तापवावी, तिच्यात दोन चमचे तेल सगळीकडे फिरवावे. पीठ ओतताच चर्र असा आवाज झाला पाहिजे. नाही झाला तर कढई तापलेली नाही असे समजावे. वर घट्ट झाकण ठेवून आच अगदी मंद करावी. वीस ते पंचवीस मिनिटांनी कडा सुटतात. मग ताटावर उलटून दुसरी बाजू पाच मिनिटे शेकावी. चुलीवर करणाऱ्यांनी झाकणावर निखारे ठेवावेत, म्हणजे उलटण्याचे काम वाचते. माळावर त्या बायका असेच करीत. साखर घालायची की नाही यावरून तिकडे घराघरांत वाद आहे. आम्ही घालत नाही. बरोबर चाकवताची किंवा घोळीची लसूण घातलेली भाजी फार चांगली लागते.

उरली तर दुसऱ्या दिवशी ती कडक होते. तिकडे ती टाकून देत नाहीत. पेल्यात कुस्करतात, वरून थंड ताक ओततात आणि चमच्याने खातात. आपण शिळी भाकरी ताकात कुस्करतो, अगदी तशीच.